अण्णांचं ‘सुम्मने’

राजाजीनगरातल्या आमच्या घरमालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते. नाव रघुपती, वय चौऱ्याहत्तर. घड्याळांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. अजूनही कुणाकडे जायचं असलं की अर्धा तास आधी पोचून फाटकाबाहेर उभा राहणार. त्यांचं घराणं बंगळूरात इतक्या पिढ्यांपूर्वी आलं, की मूळ गाव कुठलं हे आता त्यांनाही सांगता येत नाही. मी पुण्याहून नोकरीसाठी येऊन वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “तुमची मराठी पुस्तकातली, आमची घरातली. समजून घ्या स्वल्प.” मी हसले होते. ते हसणं आठवलं की आता माझाच मला राग येतो.

अण्णांची नात आश्लेषा अकरा वर्षांची. आईवडील दोघंही पाळ्यांवर कामाला, त्यामुळे पोरगी अण्णांच्याच हाताखाली वाढली. ती दात घासताना गाते, दप्तर भरताना गाते. थंडीत इथे ढिगाने अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा येतात, त्या सोलताना तर गातेच गाते. आणि मध्येच एखादी जागा अशी घेते, की मी भाजीच्या पिशव्या हातात धरून जिन्यातच थांबते. एकदा मी तिला विचारलं, “कशाला गातेस गं एवढी?”

“सुम्मने,” ती म्हणाली.

हा शब्द कन्नड, पण त्यांच्या घरात तो मराठीच झालाय. सुम्मने म्हणजे सहज, उगाच, काही कारण नाही म्हणून.

अण्णांना मात्र घोर लागला होता. “मला गाण्यातलं काही कळत नाही. गुडघे गेले. मी आहे तोवर कुणी जाणत्यानं हिचा हात धरला पाहिजे,” एवढंच त्यांचं म्हणणं. असा जाणता म्हणजे एजंट, हे त्यांना तिच्या गाण्याच्या बाईंनी सांगितलं. मग दोन वर्षं त्यांचे शनिवार त्यातच गेले. काखेत प्रमाणपत्रांची प्लास्टिकची फाइल, पिशवीत चित्रान्नाचा डबा आणि हाताला आश्लेषा. ईमेल मी लिहायची, म्हणून पुष्कळदा मीही बरोबर असे.

कन्नड कार्यक्रमांसाठी मुलं निवडणाऱ्या एका बाईंनी गाणं ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? अण्णा खरं ते बोलले. बाई म्हणाल्या, मग मराठीवाल्यांकडे जा ना. मराठीवाल्यांनी फोनवर ऐकून सांगितलं, आवाज छान आहे हो, पण मुलगी कानडी वाटते. मी तणतणायची. अण्णा “सरी”, म्हणजे बरं, म्हणायचे, फाइल बंद करायचे आणि बसस्टॉपवर बसून डबा उघडायचे. त्यांना चीड येत नसे, ते नुसते दमत. दर शनिवारी परतताना आमची गल्ली त्यांना चार पावलं जास्त लांब लागते असं मला वाटायचं.

शेवटी एचएसआर लेआउटमध्ये सुशांत भेटला. मुंबईचा, तिशीतला, लहान गायकांची कामं बघणारा. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण त्याच्या डोक्यावर खापर फोडणं फार सोपं आहे. आश्लेषाचं गाणं संपल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला. तो तिच्यासमोर धरून त्याने विचारलं, “बेटा, तू का गातेस?”

“सुम्मने.”

“सुमन? सुमन कोण? तुझी टीचर?”

आश्लेषा खो खो हसली. अण्णाही हसले, त्या दोन वर्षांत त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सुशांत माझ्याकडे वळला. “ताई, व्हॉइस आउटस्टँडिंग आहे. मी घेतो हिला. पण इंट्रो व्हिडिओ नीट करावा लागेल. असं बोलली तर मराठी चॅनेलवाल्यांना कळणारच नाही. तुम्ही पुण्याच्या ना? थोडं प्रॉपर शिकवा तिला. आणि ‘का गातेस’चं आन्सर जरा स्ट्राँग पाहिजे.”

मी अण्णांकडे पाहिलं.

“शिकव, मुग्धा,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

मी शिकवलं. तीन रविवार, सकाळचा चहा झाला की आम्ही बसायचो. स्वल्प नाही, थोडं. सरी नाही, बरं. अण्णा म्हटलं तर लोकांना भाऊ वाटेल, आजोबा म्हण. आणि सुम्मने तर नाहीच. त्याऐवजी, “गाणं हा माझा श्वास आहे.” हे वाक्य मी लिहिलं, आणि लिहिताना मला ते चांगलं वाटलं होतं, हेही कबूल करते. पोरीचा कान तयार. माझी मराठी तिने एखादी चाल उचलावी तशी उचलली.

शूटिंगच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर तिच्या शेजारी बसले. “काका, तुम्ही फक्त नमस्कार करा हां. बोलू नका, प्लीज,” सुशांतने अगदी नम्रपणे सांगितलं. अण्णांनी हात जोडले. आश्लेषा कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाली, “हे माझे आजोबा.” अण्णांनी वळून पलीकडे पाहिलं, दुसरं कुणी येऊन बसलंय की काय म्हणून. तेवढा भाग पुन्हा घ्यावा लागला.

करारावर सही करून अण्णांनी फाइल बंद केली. परतताना ते बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपले. इतक्या शनिवारांत ते प्रवासात कधी डोळा मिटत नसत, पोरीकडे लक्ष ठेवायचं असे.

आता सुशांतकडून आठवड्याचं वेळापत्रक येतं. थंड खायचं नाही, ओरडायचं नाही. रियाज ठरलेला तेवढाच, एरवी आवाजाला विश्रांती. आश्लेषा ते काटेकोर पाळते. पुढच्या महिन्यात तिचं पहिलं रेकॉर्डिंग आहे. अण्णांना हवं होतं ते सगळं झालंय, आणि मला त्याचा आनंद होत नाही.

गेल्या रविवारी मी खाली गेले, तर दोघं समोरासमोर बसून अवरेकाळू सोलत होते. घरात आवाज होता तो फक्त दाणे ताटलीत पडण्याचा.

“गा गं स्वल्प,” अण्णा म्हणाले.

“कशासाठी? रेकॉर्डिंग आहे का?”

“नाही. सुम्मने.”

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग प्रत्येक शब्द नीट उच्चारत, माझ्या मराठीत म्हणाली, “उगाच गायचं नसतं, आजोबा.”

“सरी,” अण्णा म्हणाले आणि पुढची शेंग हातात घेतली.