सेक्रेटरी आणि न फुंकायची बासरी

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर ताईकडे मी पहिल्यांदाच गेले. स्टेशनपासून तात्यापाऱ्यापर्यंत (पारा म्हणजे मोहल्ला) जिकडेतिकडे ओल्या रंगाच्या सरकारी पाट्या. भाऊजी म्हणाले, शंकर नगरात ज्याचं घर भाड्यानं जात नव्हतं, त्याच्याही दारावर आता संचालनालय लागलंय.

ताईच्या गल्लीच्या तोंडाशी एक तांबडा कुत्रा आडवा पसरला होता. त्याचं नाव पूर्वी कलेक्टर होतं; राजधानी झाल्यावर लोकांनी बढती देऊन सेक्रेटरी केलं. मला लहानपणापासून कुत्र्यांची भयंकर भीती.

"काही करत नाही वं तो. काहून भिऊन राहिली?" ताई म्हणाली.

"हे त्याले माहीत आहे का?"

झालं. सकाळी कोपऱ्यावरून गरम जिलबीचा वास येई आणि मी खिडकीत बसून सेक्रेटरीकडे बघत चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) खाई. गाव एकटीनं हिंडायची इतकी हौस, पण भाऊजींच्या पाठीमागे लपल्याशिवाय उंबरा ओलांडता येईना.

एका दुपारी त्यांनी स्कूटरवरून हस्तकलेच्या प्रदर्शनाला नेलं. पितळी हत्ती, लोखंडी हरणं बघत मी बस्तरच्या एका मुरिया आदिवासी जोडप्यापाशी थांबले. त्यांच्यापुढे बांबूच्या बासऱ्या होत्या, तापल्या सळईनं नक्षी काढलेल्या. मी एक उचलली आणि फुंकली. आवाज नाही. पुन्हा फुंकली. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. नवरा शांतपणे बघत होता, बायकोनं तोंडाला पदर लावला होता. माझा दम संपल्यावरच तो बोलला.

"एला फूंकना नइ हे दीदी, घुमाना हे." (हिला फुंकायचं नाही, फिरवायचं.)

त्यानं एका टोकाशी धरून हवेत फिरवली, तर ती घूं घूं करून गायला लागली. जंगलातून जाताना ही फिरवत चालायची, म्हणजे जनावरं वाट सोडतात, असं कळलं. मी कान टवकारले.

"कुत्ता भी भागता है?"

"भालू तो रद्दा छोड़ देथे," तो म्हणाला. "कुकुर के बात कुकुर जाने." (अस्वल वाट सोडतं. कुत्र्याचं कुत्राच जाणे.)

मी लगेच बासरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाचं नाव घेऊन एकटी निघाले. सेक्रेटरी उठला. मी बासरी गरागरा फिरवली. त्यानं वाट सोडली नाही. मान वर केली, डोळे मिटले आणि माझ्या सुरात सूर मिसळून लांबलचक रडायला लागला. मी थांबले की तोही थांबे आणि जवळ येई. म्हणून थांबायची सोय नव्हती. मी फिरवतेय, तो गातोय, अशी आमची वरात कोपऱ्यापर्यंत गेली. दारादारांत माणसं उभी. ताई गच्चीवरून ओरडली, "काय करून राहिली वं?"

"जिलबी आणून राहिली!"

हात भरून आला तेव्हा हलवायासमोर थांबले. सेक्रेटरी माझ्या पायाशी बसला. अर्धी जिलबी त्याला दिली. त्यानं ती इतक्या अदबीनं घेतली की मलाच शरमल्यासारखं झालं. मग रोज आम्ही दोघं हिंडलो, एकदा तर तेलीबांध्याच्या तलावापर्यंत. निघायच्या दिवशी तो रिक्षामागे मोठ्या रस्त्यापर्यंत पळत आला, आणि मी कुत्र्यासाठी रडले. हे घरी कुणाला सांगितलं नाही.

अमरावतीला घरी येऊन पिशवी उघडली तर यांनी आधी बासरीच उचलली आणि तोंडाला लावली. फुंकली. पुन्हा फुंकली. कान लाल झाले. मी तोंडाला पदर लावून शांतपणे बघत राहिले. त्यांचा दम संपल्यावर बासरी हातातून घेतली आणि दूध आणायला एकटीच निघाले. आमच्या गल्लीतही एक काळा कुत्रा आहे. त्याला गाता येतं का, ते बघायचं होतं.