कडूबानं पाणी राखलं

गंगापूरकडच्या एका गावात कडूबा राहायचा. दुष्काळाच्या वर्षांत टँकर आला की पाइप त्याच्याच हाती. सगळ्यांचे हंडे आधी, त्याचा शेवटी, तोही कधी अर्धाच. घरातसुद्धा घोटभर पाणी मागं ठेवल्याशिवाय गडी उठायचा नाही.

त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काही वर्षं बरी गेली, आणि दुखणं उलटलं. ओटीपोटात दोन गाठी दिसल्या. संभाजीनगरच्या दवाखान्यात नीरजा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बाकी अंग साफ आहे. नेमक्या त्या गाठींवरच किरण सोडू. फक्त लघवीची पिशवी भरलेली पाहिजे, म्हणजे आतडं बाजूला सरकतं, भाजत नाही. आधी ही बाटली पूर्ण प्यायची."

कडूबा मुकुंदवाडीला पोराकडं उतरलेला. तिथं इमारतींवर इमारती उठत होत्या, अन् पाण्याला तिथंही टँकरच. अशात एकट्यानं अख्खी बाटली कशी प्यायची? अर्धी प्याला, उरलेली तशीच थैलीत ठेवली.

मशीन चालवणाऱ्या चारुताताईनं त्याला वर घेऊन आधी आतला फोटो काढला.

"आजोबा, पाणी प्यालात ना?"

"व्हय, प्यालो की."

"फोटोत तर दिसत नाही. उतरा."

दुसऱ्या दिवशीही तीच गत. नीरजाबाईंचा चेहरा उतरला. "असे किरण सोडले तर आतडं भाजेल. नाही सोडले तर गाठी पसरतील, मग हा इलाज हातचा जाईल."

त्याची बायको आवडाबाई तडकली. थैलीतली बाटली काढून तिनं त्याच्यापुढं धरली. "घ्या! कुणाच्या हंड्यासाठी राखलंय?"

कडूबानं एक घोट घेतला अन् झाकण परत लावलं.

चारुताताईनं बाहेरच्या बाकाकडं बोट केलं. "तुमच्यापायी मशीन अडलंय, आजोबा. हे सगळे खोळंबलेत."

बाकावर छावणी भागातले केशवराव, तेही किरणांसाठीच आलेले, पाणी पिऊन पोट आवळून बसलेले. "अहो पाटील, आवरा! माझा बांध फुटायला आलाय."

आपल्यामुळं रांग अडली! कडूबाचा चेहरा एवढासा झाला. "ह्यांना आधी घ्या," म्हणाला, अन् बाटली तोंडाला लावून तळापर्यंत रिकामी केली. वर आवडाबाईचा तांब्याही.

तासाभरानं फोटो बघून चारुताताई हसली. मशीन फिरू लागलं. गाठी किती जळतील ते डॉक्टरीणबाईंनाही आज सांगता येत नव्हतं. कडूबा दात आवळून निपचित पडून होता.

"झालंच, आजोबा," स्पीकरमधून आवाज आला.

"लई झालं पोरी, आता तू मला खोळंबवू नको!"

दार उघडलं तसा कडूबा संडासाकडं असा सुटला, की बाकावरच्या सगळ्यांनी हसत पाय आखडून घेतले.