पहिली ओळ

आमच्या न्यू जर्सीतल्या लायब्ररीत दर शनिवारी एक कृष्णवर्णीय आजी सह्या गोळा करतात. गुलामगिरीच्या काळातही इथे स्वतंत्र राहिलेल्या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीवर पार्किंग होऊ नये, एवढंच त्यांचं मागणं. शेजारी त्या काळच्या बायकांच्या एका अर्जाची झेरॉक्स असते. तिच्यावर सह्यांपेक्षा लिहिता न येणाऱ्यांच्या फुल्याच जास्त.

“मी व्हिसावर आहे, सही करायची भीती वाटते,” मी एकदा पुटपुटले.

“या अर्जातल्या बायकाही घाबरायच्या, हनी. पकडून विकतील म्हणून,” असं म्हणून त्यांनी पेनला टोपण लावलं.

तेव्हापासून आजी पहिली ओळ रिकामी ठेवून बाकी सगळ्यांना दुसऱ्या ओळीपासून सह्या करायला लावतात.

उद्या कागद टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, जाणार. आज मी पेन उचललं, तशी त्यांनी मान खिडकीकडे वळवली. त्या रिकाम्या ओळीवर मी पूर्ण नाव लिहिलं. पेनला टोपण मीच लावलं.