छावणीत स्ट्रोक मीटर

मागच्या महिन्यातला मंगळवार. सकाळी नऊला मी पाटोद्याजवळच्या चारा छावणीत पोचलो... गळ्यात स्ट्रोक मीटर आणि पोटात एक वाईट बातमी.

बातमी अशी, की माझ्याकडे रोइंग शिकणाऱ्या सारिकाचं नाव मी निवड चाचणीला पाठवणार नव्हतो. छावणीत असलेल्या तिच्या आईला फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं, पण ते बरं दिसलं नसतं.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी पंधरा वर्षं फौजेत होतो, रोइंग, म्हणजे शर्यतीची बोट वल्हवणं, तिथेच शिकलो. निवृत्त होऊन नेकनूरला आलो आणि मुलींना रोइंग शिकवतो म्हणालो, तेव्हा अख्खा पार हसला. एका मित्राने तोंडावर विचारलं, "प्यायला टँकर, अन् तू बोट कशात चालवतो बे?"

प्रश्न बरोबरच होता. आमच्या तलावात यंदा पोरं क्रिकेट खेळतात... मग मी दूध सोसायटीचा हॉल मागितला. दुष्काळात दूधच आटलेलं, हॉल रिकामा पडला होता. चेअरमननी हसत हसत किल्ली दिली आणि पुण्याहून आणलेलं जुनं रोइंग मशीन मी तिथे मांडलं, सरकत्या बैठकीवर बसून साखळी ओढायचं.

सारिका सतरा वर्षांची. आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात, ही फडातच लहानाची मोठी झालेली. ताकद इतकी, की मशीनची साखळी कुरकुरते. पण पुण्याच्या ज्या क्रीडा होस्टेलसाठी ही धडपड होती, तिथली चाचणी ताकदीची नाही. वीस मिनिटं मशीन ओढायचं, मिनिटाला बावीसच स्ट्रोक... दर चढत गेला की बाद.

आणि हिचा दर चढायचाच. फडात ट्रॅक्टर येऊन उभा राहिला की सगळ्यांनी भराभर हात चालवायचे, हे ती लहानपणापासून बघत आलेली. त्यामुळे दम लागला की ती सावकाश होण्याऐवजी आणखी पळायची. मी मीटर बघून सव्वीस, अठ्ठावीस असं ओरडायचो... आणि तो आकडा ऐकून ती अजून पळायची. दोन महिने आमचं हेच चाललं होतं. शेवटी मी हात टेकले.

तर छावणी. सारिकाची आई, कौसाअक्का, दोन बैलं आणि एक गाय घेऊन तिथेच मुक्कामाला होती. लाकडाच्या ओंडक्यावर उसाची मूठ धरून कोयत्याने तुकडे करणं चाललेलं. मी शेजारी पोत्यावर बसलो आणि सांगायला सुरुवात केली... पोरगी चांगली आहे, पण दर धरत नाही, पुढच्या वर्षी बघू वगैरे.

अक्का ऐकत होती. हात थांबला नव्हता. आणि जुनी खोड म्हणा, माझा अंगठा आपोआप मीटरवर गेला. हे साधं घड्याळच असतं. वल्हं पाण्यात पडलं की बटण दाबायचं, तीन स्ट्रोकनंतर पुन्हा दाबायचं, मिनिटाला किती ते दिसतं. वल्ह्याच्या जागी मी अक्काच्या कोयत्याचा घाव धरला.

बावीस.

मला हसू आलं. योगायोग असेल म्हणून पुन्हा दाबलं... बावीस. मी बोलता बोलता थांबलो. तिने मधेच गायीला हाकललं, पदराने तोंड पुसलं, पुन्हा कोयता उचलला. बावीस. पाऊण तास मी तिथे बसलो होतो, ऊन चांगलंच तापलं, तिच्या पाठीवर घाम उतरला, पण आकडा एखाद्याने इकडेतिकडे झाला तेवढाच. फौजेतले भलेभले रोअर मी या घड्याळावर मोजले आहेत. असं कुणी दिसलं नव्हतं.

मनात मोजता का, असं मी तिला विचारलं.

"मोजायचं कावून?" ती म्हणाली. "कोयता पडला की दम सोडायचा. मंग उचलायला घाई करायची न्हाई. मारताना कुनी दमत न्हाई भाऊ, घाईनं उचलताना दमतं."

स्ट्रोक ओढून झाला की परत पुढे सरकताना घाई करू नका, हे आम्हाला फौजेत वर्षानुवर्षं इंग्रजीतून सांगत होते. मीही सारिकाला तसंच सांगत होतो... आणि तिच्या घरात ते कधीपासून होतं.

मग मी मीटर तिच्यापुढे धरला आणि आकडा दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं. "मोळ्या मोजत्यात सगळे," ती हळूच म्हणाली, "मला आजच कुनी मोजलं."

वाईट बातमी मी तिथेच मागे घेतली आणि सारिकाचं नाव पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सारिकाला छावणीत नेलं, आईसमोर बसवलं आणि अर्धा तास नुसतं बघ म्हणालो. तिने आयुष्यभर आईचा कोयता पाहिला होता, पण तो वर कसा जातो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हॉलवर आल्यावर आकडा दिसू नये म्हणून मशीनच्या स्क्रीनवर मी कागद चिकटवला. मीटर खिशात टाकला आणि आठवडाभर तोंड बंद ठेवलं. हे मला सगळ्यात जड गेलं...

परवा पुण्यात चाचणी झाली. आज सकाळी सारिकाचा फोन आला, निवड झाली म्हणून. माझा पहिला प्रश्न अर्थातच दराचा. शेवटच्या पाच मिनिटांत किती होता?

"म्हाईत न्हाई सर," ती म्हणाली. "मी डोळे मिटले होते. आई समोर ऊस तोडत होती."

फोन ठेवून मी तडक छावणीत निघालो आहे, पेढे घेऊन. पंधरा वर्षं हे घड्याळ मी गळ्यात मिरवलं... ते वाचायला मला कौसाअक्काने शिकवलं.