भांग पाडलेली गाडी

आमच्या गावच्या शाळेत चित्रकलेच्या सरांनी कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकातलं एक चित्र फळ्याशेजारी चिकटवलं होतं. लाल रंगाची, बुटकी, मागच्या बाजूनं दिसणारी मोटार. तिची मागची काच मधोमध एका पट्टीनं दुभंगलेली होती. सर म्हणायचे, "रेघ काढायची तर अशी. छतावरून निघाली ती थेट शेपटीपर्यंत, कुठं थांबली नाही." आम्ही मुलं मात्र तिला भांग पाडलेली गाडी म्हणायचो, कारण तेल लावून मधोमध भांग पाडलेली आमची डोकी अगदी तशीच दिसायची. गाडीचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं, आणि त्या गाडीपेक्षा मला कॉलेजच दूरचं वाटायचं.

नोकरीत बदली होऊन मी कोलकात्याला आलो आणि बेहाला भागात भाड्यानं राहू लागलो, तेव्हा ती गाडी मला खाली गॅरेजमध्ये भेटली. घरमालक काका मराठीच, पण जन्म इथलाच. त्यांचे वडील जहाज कंपनीत होते. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन साहेबाकडून त्यांनी ती घेतलेली. पहिल्याच आठवड्यात काकांनी ताडपत्री बाजूला केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, ही तर आमच्या शाळेतली भांगाची गाडी!"

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. "भांग! आमचे बाबा तिला पाठीचा कणा म्हणायचे. तुझा शब्द बरा आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द रुजला. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की काका मला खाली बोलवायचे आणि शिकवायचे. ही कॉर्व्हेट त्रेसष्टचं मॉडेल. पुढच्याच वर्षी, चौसष्टला, कंपनीनं भांग काढून टाकला आणि मागं अखंड काच बसवली, कारण चालवणाऱ्याला आरशात नेमकं मधलं काही दिसत नसे. बॉनेटवरच्या दोन शोभेच्या जाळ्या काढल्या, त्यांचे खळगे तेवढे राहिले. स्टिअरिंगमागच्या डायलच्या मध्यभागी त्रेसष्टला चंदेरी चकत्या होत्या, चौसष्टला काळ्या आल्या, उन्हात चमकायच्या बंद झाल्या. काकांनी दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावली होती. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "काका, खरं तर चौसष्टचीच गाडी शहाणी आहे."

"आहेच मुळी. पण तिला शहाणपण कुणामुळं आलं?"

मला माझा धाकटा भाऊ आठवला. कोणता फॉर्म कुठं भरायचा, वसतिगृह कसं मिळवायचं, हे मी अडखळत शिकलो आणि त्याला आयतं सांगितलं. तो माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं शिकला. त्याचा मला आनंदच आहे. पण त्या संध्याकाळपासून त्रेसष्टच्या गाडीबद्दल मला जरा जास्तच आपुलकी वाटायला लागली.

हिवाळ्यात जुन्या गाड्यांची फेरी निघते. तिच्यासाठी काकांनी गाडी जवळच्याच एका मिस्त्रीकडं दिली. भांगाच्या डाव्या बाजूची मूळ काच फार पूर्वीच गेली होती. तिथं कुणीतरी प्लास्टिकची काच बसवलेली, ती आता पिवळी पडून तीन ठिकाणी तडकली होती. तशी अर्धी काच काही केल्या मिळेना. चौसष्टची अखंड काच मात्र मिस्त्रीला एका ओळखीच्याकडून मिळत होती. ती घ्यायची तर मधली पट्टी कापायला हवी. ही गाडी पत्र्याची नाही, फायबरची. करवत लावली की काम झालं. एकदा कापलेलं परत येत नाही, एवढंच.

काकांची मुलगी, म्हणजे ताई, कापायच्या बाजूची. तिचं मराठी इथल्या मुलांसारखं, अधूनमधून घसरणारं. "बाबा, तुमचे डोळे असे. त्या आरशात अर्धा बस दिसतो. अर्धा!"

"अर्धी बस. अर्धी दिसते."

"व्याकरण नीट असलं तरी ती बस येऊन धडकेल ना?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. काकांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि पहिलं ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलेलं होतं. ते दवाखान्यात दाखल झाले तोवर निर्णय झालेला नव्हता, आणि मिस्त्री विचारत होता, कापू की नको? मी भेटायला गेलो तेव्हा काका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. माझा हात धरून म्हणाले, "पट्टी सुटली की मला बाबांची गाडी बघायची आहे. दुसरी नाही. त्याला सांग, भांग ठेवायचा."

मी कॉरिडॉरमधूनच फोन लावला. पलीकडं ग्राइंडर चालू होता. माझी बंगाली कामचलाऊ आणि हिंदीतला 'मांग' हा शब्द ऐन वेळी आठवला नाही. मी ओरडलो, "दादा, काच के पास जो भांग है ना, वो भांग रखना है!"

"भांगा?"

"हाँ, हाँ, भांग!"

"पूरोटा?"

"पूरा! बिलकुल पूरा!"

"आच्छा दादा, होये जाबे," म्हणून तो हसला. मीही हसलो आणि आत जाऊन काकांना सांगितलं की काळजी करू नका.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी एका सहकाऱ्याच्या हातून कप पडला. शेजारच्या दीदी, ज्यांनी तो सेट घरून आणला होता, त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भांग! आरो भांग! बाकीगुलोओ भांग!"

सगळे हसत होते. मी मात्र हातातला चहा तसाच खाली ठेवला. भांग. फोड. आणखी फोड, बाकीचेही फोड. आणि मी मिस्त्रीला काल हेच ओरडून सांगितलं होतं, वर पूरा म्हणूनही बजावलं होतं. 'रखना' हा शब्द त्या ग्राइंडरच्या आवाजात त्याच्यापर्यंत पोचला तरी होता का?

फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तेही तसंच. थोड्या वेळानं मेसेज आला: काज शेष. नवा होतो तेव्हा हे वाचलं असतं तर काम शिल्लक आहे म्हणून निश्चिंत झालो असतो. आता मला माहीत होतं की बंगालीत शेष म्हणजे संपलेलं.

साहेबांना विचारून निघालो. बजबज लोकलनं माझेरहाट, तिथून मेट्रोनं बेहाला. वाटेत मी एकच वाक्य जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं. पट्टी सुटल्यावर काकांना काय सांगायचं? माझ्या एका मराठी शब्दामुळं तुमच्या बाबांची गाडी चौसष्टची झाली?

वर्कशॉपमध्ये गाडीची पाठ दाराकडं होती. भांग जागेवर होता. पट्टी सरळ, अखंड, छतावरून शेपटीपर्यंत. डावीकडची काच तेवढी काढलेली. मी तिथल्या टायरवर मटकन बसलो.

"की होलो दादा? पाणी देऊ?" मिस्त्रीनं हिंदी-बंगालीत विचारलं. मग कोपऱ्यातून त्यानं एक पुठ्ठ्याचा खोका आणला, दोन्ही हातांनी धरून, एखादी मिठाई आणावी तसा. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले पिवळ्या काचेचे तुकडे. "तुम्हीच म्हणालात ना, भांगा ठेवायचं, पूर्ण? फुटकी काच जपायला सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. तरी एकही तुकडा टाकला नाही."

"आणि पट्टी? ती का नाही कापली?"

"कापायचं कोण बोललं?" तो म्हणाला.

बंगालीत भांगा म्हणजे फुटकं. मी हसायला लागलो ते थांबेना. भांगाचा अर्थ समजावून सांगितला, डोक्यावरून बोट फिरवून. "ओ! सिंथी!" म्हणून त्यानंही कपाळाला हात लावला. मग आम्ही ते तुकडे वर्तमानपत्रावर जुळवून ठेवले. सगळे होते, एक कोपराही गहाळ नव्हता. दोघांनाही एकदमच दिसलं की समोर अर्ध्या काचेचा पुरा साचा पडलेला आहे. त्यावरून नवी काच कापून, गरम करून वळवणारा माणूस त्याला माहीत होता.

काका घरी आले तोपर्यंत काच बसली होती. काळा चष्मा लावून ते गाडीमागं आले आणि त्यांनी भांगावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मी सगळा घोटाळा सांगितला. हसू नका, डोळ्याला त्रास होईल, असं ताई दटावत होती आणि स्वतःच हसत होती.

फेरीच्या दिवशी गाडी तिनंच चालवली. काका शेजारी. निघताना तिनं आरसा नीट केला, मागं बघितलं आणि म्हणाली, "अर्धी बस दिसते."

"बरोबर," काका म्हणाले. "चल आता."