सावंतसाहेब आणि शिशाची गोळी

सावंतसाहेब रस्त्याने खाली बघत चालायचे. दुबईत करामातल्या पार्किंगमध्ये तर मधेच वाकायचे, कुठल्याशा गाडीच्या चाकाजवळ पडलेला करडा तुकडा उचलायचे आणि त्यावर अंगठ्याचं नख ओढायचे. नख रुतलं तर तुकडा खिशात, नाही तर परत रस्त्यावर. चाकाचा तोल साधायला रिमला जी छोटी वजनं ठोकतात, ती पूर्वी शिशाची असत. हल्ली लोखंडाची आणि जस्ताचीही येतात, म्हणून ही नखाची परीक्षा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाचं काहीतरी हरवलंय बिचाऱ्याचं. मी शोधायलाही लागलो. ते म्हणाले, "हरवलं नाही रे कदम, सापडलंय. शिसं आहे."

आम्ही एकाच फॅब्रिकेशन यार्डात होतो. मी खरेदी विभागात, ते वेल्डिंगच्या तपासणीत. पाइपांच्या जोडांचे एक्स-रे काढतात, त्या फिल्म दिव्याच्या पेटीवर ठेवून जोडात कुठे चीर, कुठे पोकळी राहिली आहे का, हे बघायचं त्यांचं काम. त्यांनी पास म्हटलं की तो पाइप गेला, मग त्यातून गॅस वाहणार. वय साठीला टेकलेलं, मुलीचं पुण्यात मेडिकलचं शिक्षण अजून पुरं व्हायचं होतं, आणि इथे नोकरी आहे तोवरच व्हिसा. थोडक्यात, त्यांचा सगळा संसार दोन डोळ्यांवर उभा होता. आपल्यापैकी कुणाचा कशावर तरी उभा असतोच, पण आपण तो विचार करत नाही. ते करायचे की नाही, मला ठाऊक नाही.

शिसं लागायचं ते शनिवारच्या नादासाठी. शारजाच्या पुढे वाळवंटात एक शूटिंग क्लब होता. तिथल्या वयस्कर इमिराती मालकाकडे एक जुनी लिव्हरची रायफल होती. घोड्याखालची कडी खाली ओढून वर ढकलली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. बाकीचे मेंबर नव्या चकचकीत बंदुकांच्या मागे. सावंतसाहेबांनी मात्र मालकाला गळ घातली की या रायफलीला मी स्वतः ओतलेल्या गोळ्या चालवून दाखवतो. मालकाने मान डोलावली, "इन्शाल्ला" म्हटलं आणि क्लबच्या परवान्याखाली मागच्या शेडमध्ये भट्टी लावू दिली. काडतुसात दारू भरायचं काम तिथला शस्त्रागाराचा माणूस करायचा, रायफल क्लबच्या कपाटातून बाहेर जात नसे. कुडाळला त्यांच्या वडिलांकडे रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती आणि शिसं वितळवताना बघत हे मोठे झाले होते, एवढंच कारण त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं.

मला बंदुकांत काडीचा रस नाही. करामातल्या खोलीत एकट्याने शनिवार काढण्यापेक्षा त्यांच्या गाडीत मागे बसून जावं आणि नीलिमावहिनींच्या डब्यातले घावणे खावेत, हा माझा स्वार्थ. पण बघता बघता कळायला लागलं. शिशाची गोळी नळीच्या आतल्या मापापेक्षा केसभर जाड हवी, नाहीतर मागचा गरम वायू कडेने निसटतो आणि नळीला शिसं फासून ठेवतो. फार वेगाने हाकललेली चालत नाही. मेणाचा हात हवा. साच्यातून काढलेली प्रत्येक गोळी ते उलटी धरून बघायचे आणि कडेला जरा सुरकुती दिसली की पुन्हा भट्टीत. "तोंड कसंही असू दे, बूड स्वच्छ हवं. गोळी बुडावर चालते," असं म्हणायचे, आणि मग आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरचं नाव घेऊन त्याच्याबाबतीत दोन्ही बाजूंनी पंचाईत आहे, असंही. नळीचं माप पुस्तकातून घ्यायला त्यांचा सक्त विरोध. मऊ शिशाचा गोळा नळीतून ठोकत पार करायचा आणि तो मोजायचा. "नळीलाच विचारायचं. ती खोटं बोलत नाही, आपण बोलतो."

आणि त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची." दोन बदलल्या तर कुठलीने काम केलं, ते कळत नाही. ऑफिसात, घरात, घावण्याच्या पिठातसुद्धा. वहिनी वैतागायच्या. पण त्या पद्धतीने दोन हिवाळ्यांत त्यांनी त्या म्हाताऱ्या रायफलीला असं वळण लावलं की निशाणाच्या कागदावरची सगळी भोकं एका लिंबाखाली झाकली जावीत. मालकाने तो कागद क्लबच्या भिंतीवर लावला. त्या दिवशी साहेब लहान पोरासारखे खूश होते.

गेल्या हिवाळ्यात मात्र बिनसलं. भोकं फाकायला लागली. एक इथे, एक तिथे, जेवणाच्या ताटाएवढ्या पसाऱ्यात. साहेबांनी नेहमीच्या शांतपणे शोध सुरू केला. एका शनिवारी नळी आतून घासली. पुढच्या शनिवारी शिसं थोडं मऊ केलं. मग गोळी किंचित जाड, मग मेण वेगळं, मग दारू कमी, मग दस्त्याचे स्क्रू आवळले. एका वेळी एकच. दर शनिवारी कागद तसाच गचाळ. परतताना गाडीत कुणी बोलेनासं झालं. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागली होती, कारण साहेब लेन बदलताना हल्ली फार वेळ घ्यायचे आणि वहिनी दाराची मूठ धरून बसायच्या.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते टेबलापासून उठले आणि म्हणाले की नळीच झिजली, खलास, आता हिला कपाटातच राहू दे. वहिनींनी थर्मास खाली ठेवला. कोल्हापूरला कॉलेजात असताना त्या एनसीसीत होत्या, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"सरका जरा. मला बघू द्या," त्या म्हणाल्या.

"अगं, गोळीच लागत नाहीये तिला."

"लागत नाही तर नाही. मारून तर बघते."

वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून, पदर खोचून त्या बसल्या. घाई नाही, काही नाही. त्याच गोळ्या, तीच रायफल, तेच टेबल. कागद आणायला मीच गेलो. जवळ पोचायच्या आधीच दिसलं, पण तरी मी तिथे उगाच उभा राहिलो. सगळी भोकं एकमेकांना खेटून होती.

साहेबांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "उत्तम," म्हणाले. "गोळी उत्तम आहे." मग त्यांनी डावा डोळा हाताने झाकला आणि पुन्हा बघितलं. नेम धरताना ते डावा मिटायचे, बघायचे उजव्याने. बराच वेळ बघत राहिले. शेडकडून पार्किंगकडे जाताना त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून वहिनींच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसले.

डॉक्टरांकडे जायच्या आधी, सोमवारी सकाळीच, ते मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. हिवाळा लागल्यापासून आपण पास केलेल्या सगळ्या फिल्म दुसऱ्याकडून वाचून घ्या, तोवर एकही पाइप यार्डाबाहेर सोडू नका, असं सांगितलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, डोळ्यांची वार्षिक टेस्ट तुम्ही पास झालात ना, मग रिपोर्ट येऊ द्या, कशाला ओढवून घेताय. साहेब म्हणाले, "सगळं बदलून झालंय. आता मीच उरलोय."

मला राग आला त्यांचा. खरंच आला. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि म्हटलं की मुलीचं शिक्षण होईपर्यंत तरी तोंड मिटायचं, इथे कोण नाही मिटत? त्यांनी माझ्याकडे बघितलं; म्हणजे माझ्या जरा बाजूला बघितलं, कारण उजव्या डोळ्याने मधोमध त्यांना दिसतच नव्हतं. उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय आणि तो सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सांगितलं. नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसाही. मुलीच्या फीसाठी कुडाळची बाग विकायला काढली, हे मला वहिनींकडून कळलं.

जायच्या आदल्या आठवड्यात फेरवाचनात एक फिल्म सापडली. साहेबांनी पास केलेली. बिजू नावाचा नवा रीडर ती लपवायच्या बेतात होता. साहेबांचा शेवटचा आठवडा, कशाला त्रास, असं त्याला वाटलं असावं. पण साहेब नेमके तिथे आले. मीही होतोच. त्यांनी ती पेटीवर ठेवायला लावली. दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

"किधर है, बिजू?"

बिजूने बोट ठेवलं. साहेबांना दिसेना. मग त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला आणि अगदी काचेला नाक लागेल इतके वाकले. जोडाच्या कडेने गेलेली ती बारीक काळी रेघ आता त्यांना सापडली. तिच्यावरून त्यांनी नख फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"पाइप कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

यार्डातच आहे, मी म्हटलं. त्यांनी श्वास सोडला.

"कापायला सांग," ते म्हणाले, आणि पेटीचा दिवा बंद केला.