अमेरिकेच्या आमदाराची अक्का

पिंप्राळ्यात रुख्माबाई पाटलांचं घर विचारलंत, तर कुणी धड सांगणार नाही. अमेरिकेच्या आमदाराच्या बहिणीचं घर विचारलंत, तर रिक्षावाला दारात नेऊन सोडेल आणि वर सांगेल, बाई साधी आहे, अजून बिबडे विकते. खरंच विकते. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, एरवी उडदाचे पापड. नवरा धना दालमिलमध्ये होता, तो गेल्यापासून घरात ती, मुलगा भूषण आणि सून. मुलगी मोनाली धुळ्याला दिलेली.

भाऊ प्रेमराज अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेवर निवडून आलेला आहे. त्या राज्याचं नाव तिला घेता येत नाही. गावातही कुणाला येत नाही, पण अभिमानाला त्याची अडचण पडत नाही.

माहेर दोंडाईच्याचं. वडील उखर्डू पाटील चांगले खाऊनपिऊन सुखी. मळा, विहीर, मिरचीचं पीक, दाराशी बैलजोडी. रुख्मा अभ्यासात बरी होती, पण आई मळ्यात गेली की घरी कुणीतरी हवं, म्हणून सातवीतून तिला काढलं. प्रेमराजला कुणी कशातून काढलं नाही. त्याचं दप्तर भरून द्यायचं, त्याचा डबा करायचा, त्याला खरूज झाली की कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची, हे अक्काचं काम. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, एवढीच तेव्हा तिची ओळख होती, आणि तिला ती पुरत होती.

लग्न होऊन ती पिंप्राळ्यात आली. पुढे वडील गेले. प्रेमराज इंजिनिअर झालेला, अमेरिकेत पुढचं शिकायचं ठरलेलं. मळ्याचा मोठा तुकडा विकावा लागणार होता आणि सातबाऱ्यावर आईसोबत दोघा भावंडांची नावं लागलेली होती. तेव्हा तो पेढे आणि साडी घेऊन स्वतः पिंप्राळ्यात आला. आईनं आपला हिस्सा आधीच त्याला सोडला होता, आता अक्कानं हक्कसोड करून द्यायचं होतं, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आणि घरातला आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा.

धनानं त्या दिवशी बायकोला आत बोलावून सांगितलं, सगळं नको सोडू, विहिरीजवळचा एक तुकडा नावावर ठेव. धना फार बोलणारा माणूस नव्हता. तो एवढं बोलला, तर ऐकायला हवं होतं. पण रुख्माबाई म्हणाली, "माहेर भावाचं असतं."

खान्देशातली बाई हे का म्हणते, ते आखाजीला कळतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या सणाला माहेराहून मुराळी येतो, लेकीला घेऊन जातो. निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, सांजोऱ्या तळल्या जातात, आणि वर्षभर सासरी मान खाली घालून राहिलेली बाई दोन दिवस मोठ्यानं हसते. हिस्सा मागणाऱ्या बहिणीकडे मुराळी येत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्या बायकांना पाठ आहे. जमीन दिली की दार उघडं राहतं, हा तो सौदा. रुख्माबाईनं सौदा केला. सहीच्या दिवशी कडेवर भूषण होता, त्याला ताप होता. कारकुनानं कागद भराभर वाचला. ती हसली नाही, रडलीही नाही. तिचा हात सहीवर होता आणि लक्ष पोराच्या कपाळावर. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रेमराज गेला. तिकडे शिकला, शेताला पाणी देण्याच्या नळ्यांच्या कंपनीत लागला, नागरिक झाला. मग त्याला राजकारणाची आवड लागली. आधी तिथल्या शाळांच्या मंडळावर निवडून आला, मग नगराच्या कौन्सिलवर. विधानसभेला पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा बर्फातून दारोदार फिरला, घंट्या वाजवून मतं मागितली. फोनवर हे ऐकून रुख्माबाई खूप हसली. आमच्याकडचे आमदार तर पडल्यावरसुद्धा इतके चालत नाहीत, म्हणाली.

त्या निवडणुकीआधी तो इकडे येऊन गेला होता. प्रचारासाठी बहिणीचा फोटो हवा होता. घरात गॅस होता, त्यावर त्याच्याचसाठी चहा उकळत होता, पण फोटो शेजारणीच्या परसातल्या चुलीपुढे काढला. डोक्यावर हंडाही ठेवायला लावला. नळ दारात, हंडा शेजारणीचा. तो फोटो तिकडे पत्रकावर छापला गेला आणि आपला भाऊ केवढ्या गरिबीतून वर आला, हे रुख्माबाईला मोनालीनं मोबाइलवरून वाचून दाखवलं. ती म्हणाली, असू दे, त्याला उपयोगी पडलं ना. बहिणींचं हे असंच असतं, आणि भावांना ते बरोब्बर ठाऊक असतं.

आई होती तोवर मुराळी येत राहिला. आई शेजारच्या कुणाला तरी पाठवायची, रुख्माबाई पॅसेंजरनं दोंडाईच्याला जायची. आई गेली आणि घराला कुलूप लागलं. उरलेला मळा हळूहळू विकला गेला. दर आखाजीला प्रेमराज फोनवर सांगायचा, पुढच्या वर्षी येतो, तेव्हा घर उघडू, झोका बांधू. किल्ली गावातल्या त्याच्या मित्राकडे होती. मागून घेता आली असती. पण बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही, हे तिला आईनं शिकवलेलं. म्हणून ती बोलावण्याची वाट पाहत राहिली. आखाजी आली की सांजोऱ्या तळायची, पिशवी भरून ठेवायची, आणि संध्याकाळी त्या सांजोऱ्या गल्लीत वाटून टाकायची.

गेल्या हिवाळ्यात दोंडाईच्यात प्रेमराजचा जाहीर सत्कार झाला. मंडप, फेटे, ढोल, सगळं झालं. त्यानं तिकडे एक कायदा मांडून मंजूर करून घेतला होता, त्याचं फार कौतुक झालं. पाहुण्यांनी तो समजावून सांगितला: कोणाही बाईकडून तिचा वारसा सोडवून घ्यायचा असेल, तर आधी तिला तिचा स्वतःचा वकील मिळाला पाहिजे आणि त्यानं तिला एकांतात विचारलं पाहिजे, तू हे मनापासून करतेस का. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुख्माबाई पहिल्या रांगेत बसली होती. तिनंही वाजवल्या. दोन वाजवून झाल्यावर तिचे हात आपोआप थांबले.

मग प्रेमराज बोलला. माझ्या अक्कानं आपला सगळा हिस्सा हसत हसत मला दिला, म्हणून मी आज इथे उभा आहे, असं तो म्हणाला. हसत हसत! तो तर तेव्हा कचेरीबाहेर पानटपरीवर उभा होता. मंडप उठून उभा राहिला. रुख्माबाईला वर नेऊन शाल आणि नारळ दिला. मोनाली खाली बसून डोळे पुसत होती. तिनं ते भाषण मोबाइलवर घेतलं आणि माहेर-सासरच्या सगळ्यांना पाठवलं.

जेवणं झाल्यावर रुख्माबाईनं भावाला बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं.

"भाऊ, माले दुसरं काहीच नको. घरनी किल्ली दे. आखाजीले दार उघाडसू, दोन दिन ऱ्हासू, परत कुलूप लाई देसू."

प्रेमराजनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो आता मराठी पुस्तकासारखं बोलायचा. "अक्का, ते घर आता आपलं नाही. मागच्या महिन्यात व्यवहार झाला. तुला सांगायचं राहून गेलं बघ."

सांगायचं राहून गेलं. कायद्यानं सांगायची गरजही नव्हती, तिनंच ती ठेवली नव्हती. रुख्माबाई एकटीच जुन्या गल्लीत जाऊन आली. निंब होता. दाराला दुसऱ्या माणसाचं नवं कुलूप होतं. झोक्याचा दोर जिथे घासायचा, त्या फांदीवरचा खोल वळ अजून दिसत होता. तिथे ती पोटभर रडली आणि गाडीच्या वेळेला स्टेशनवर आली.

हे मनात मुरतं न मुरतं तोच भूषणनं घराचा विषय काढला. धनाच्या मागे पिंप्राळ्याचं घर तिघांच्या नावावर आलेलं. भूषणला वर मजला चढवायचा होता, बँकेला एकट्याचं नाव हवं होतं. आई आणि बहीण, दोघींनी हक्कसोड करून द्यावं. भूषण वाईट पोरगा नाही. जे सगळे भाऊ मागतात, तेच त्यानं मागितलं.

मोनाली धुळ्याहून नवी साडी नेसून आली. रुख्माबाईनं सहीच्या आदल्या संध्याकाळी तिला समजावलं, की मी हसले नव्हते, मला काही कळलं नव्हतं, माझं झालं ते तुझं नको व्हायला. मोनाली म्हणाली, आई, तू उगाच कमीपणा घेतेस, अख्ख्या गावानं ऐकलंय. तिचं तरी काय चुकलं? आईची गोष्ट तिनं मामाच्या तोंडून ऐकली होती, माइकवरून. त्यापुढे चुलीजवळ बसून सांगितलेली गोष्ट कोण खरी धरतो?

कचेरीत नंबर लागला. मोनाली खरोखरच हसत पुढे झाली. मग कारकुनानं आईला बोलावलं, यंत्रावर अंगठा ठेवा म्हणाला. रुख्माबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सांगितलं, माझं नाव काढा, मी सोडत नाही.

भूषणला आधी कळेचना. मागचे लोक घाई करायला लागले. मोनाली लाल झाली.

"आई, मामांसाठी सगळं सोडलंस. आणि पोटच्या पोरासाठी तिसरा हिस्सा सुटत नाही?"

"त्यानाकरता सोडं ना माय," रुख्माबाई म्हणाली, "म्हनीसनच." तेव्हा सोडलं, म्हणूनच आता सुटत नव्हतं.

कागद त्या दिवशी झाला नाही. आठवडाभरानं भूषणनं नवा कागद केला, एकट्या मोनालीचा. ती धुळ्याहून परस्पर कचेरीत आली, सही करून परस्पर गेली. आईकडे चहालासुद्धा थांबली नाही. रुख्माबाईचा तिसरा हिस्सा तेवढा राहिला. तो मोनालीसाठी राखलाय, हे तिनं भूषणला घरात आणि मोनालीला फोन करकरून सांगितलं. भूषण म्हणाला, तुला माझ्यावर भरवसा नाही. मोनाली म्हणाली, तुझ्यामुळे माझं आणि दादाचं बिघडेल. गल्लीत झालं, आमदाराच्या बहिणीला म्हातारपणी हाव सुटली.

आखाजी आली. भूषण बहिणीला आणायला जाईना, बोलावणंही करीना. तेव्हा रुख्माबाईनं कुणी न केलेली गोष्ट केली. सांजोऱ्यांचा डबा घेतला आणि स्वतः मुराळी होऊन एसटीनं धुळ्याला गेली. उन्हात पत्ता शोधत लेकीच्या दारात उभी राहिली.

मोनालीनं पाणी दिलं, पाया पडली. मग आईच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं.

"दादा नाही आला?"

"मी उनू ना तुले लेवाले. घरमा मनाबी हिस्सा शे. चाल."

मोनालीनं मान हलवली. ती रागावलेली नव्हती, आईला समजावत होती. "तुझा हिस्सा असला तरी तसं नसतं गं आई. दादानं बोलावलं तर येईन. माहेर भावाचं असतं."

या पोरीला हे आपण कधी शिकवलं होतं, ते काही केल्या रुख्माबाईला आठवेना. मग तिनं सांजोऱ्यांचा डबा उंबऱ्याच्या आत ठेवला आणि परतीच्या एसटीसाठी रस्त्यावर आली.